निकाल आवडला, पण तो द्यायचा अधिकार कोणाचा होता?

प्रश्न थोडक्यात असा: "मी सहकारनगरला राहतो, सीएचा अभ्यास करतो. घरचं वातावरण आणि माझी मतं उजवीकडची. एप्रिल २०२५ मध्ये राज्यपालांकडे अडकलेल्या विधेयकांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा आमच्या मित्रमंडळींनी न्यायालयाला शिव्या घातल्या. नोव्हेंबरमध्ये घटनापीठाचं मत आलं तेव्हा तीच मंडळी पेढे वाटायला निघाली. निकालांकडे पाहायची आपली काही सुसंगत भूमिका आहे, की आपली बाजू जिंकली की न्याय आणि हरली की अन्याय, इतकंच? आणि निकाल मुळातून वाचायचा झाला तर सुरुवात कुठून करू?"

भूमिका आहे. ती पाळणारे थोडे आहेत, हा वेगळा भाग. मी बरीच वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात आणि मुंबईला हायकोर्टात वकिली करतो आहे. मतं म्हणाल तर तुमच्याच बाजूची. म्हणून हे घरातल्या घरात बोलल्यासारखं समजा.

उजव्या विचाराच्या माणसाने निकाल हातात घेतल्यावर पहिला प्रश्न "कोण जिंकलं?" असा विचारायचा नसतो. "हे ठरवणं न्यायालयाचं काम होतं का?" असा विचारायचा असतो. लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने काय ठरवायचं, सरकारने काय ठरवायचं, समाजाने स्वतःच्या गतीने काय बदलायचं आणि न्यायाधीशांनी कुठे हात घालायचा, याच्या हद्दी राज्यघटनेने आखून दिल्या आहेत. त्या हद्दी जपणं ही आपली भूमिका. निकाल आपल्या मनासारखा लागला तरी हाच प्रश्न विचारावा लागतो, आणि आपली मंडळी नेमकी तिथे गडबडतात.

आता तुमचं उदाहरण घेऊ. ८ एप्रिल २०२५ ला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तमिळनाडूच्या राज्यपालांनी अडवून ठेवलेली दहा विधेयकं थेट संमत झाली असं धरलं. त्यासाठी कलम १४२ वापरलं, म्हणजे पूर्ण न्याय करण्यासाठी लागेल तो आदेश द्यायचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार. शिवाय राज्यपाल आणि राष्ट्रपती यांना मुदती घालून दिल्या. कलम २०० मध्ये महिन्यांचा हिशेब कुठेच नाही. विधेयक परत पाठवायचं तर 'शक्य तितक्या लवकर', एवढंच आहे. घटनाकारांनी कोरी ठेवलेली जागा दोन न्यायमूर्तींनी भरली, ही टीका रास्तच होती. पुढे राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली १४ प्रश्न विचारले आणि २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींनी मत दिलं की न्यायालय अशी मुदत घालू शकत नाही आणि 'मानीव संमती' हा प्रकार घटनेत बसत नाही.

पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी ते मत पुढे वाचलं, मला शंका आहे. कारण त्याच मतात असंही आहे की राज्यपालांना विधेयक नुसतं दाबून ठेवता येत नाही. संमती द्यायची, राष्ट्रपतींकडे पाठवायचं किंवा आपलं म्हणणं जोडून सभागृहाकडे परत धाडायचं, हे तीनच रस्ते. परत न पाठवता संमती रोखली, असा चौथा रस्ता नाही. कारण न देता अनिश्चित काळ बसून राहिले, तर काहीतरी निर्णय घ्या एवढं न्यायालय सांगू शकतं. कोणता निर्णय घ्या ते मात्र सांगू शकत नाही. माझ्या मते ही रेघ योग्य जागी ओढली गेली आहे. पण ती राज्यपालांनाही बांधते, आणि ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना सोयीचं नाही.

नाहीतर आपल्याच राज्यातलं आठवा. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नियुक्तीसाठी बारा नावं राजभवनात पाठवली. ना होकार, ना नकार. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांना आम्ही आदेश देणार नाही, पण वाजवी मुदतीत निर्णय घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे आणि उलटून गेलेला काळ वाजवी म्हणता येणार नाही. तरीही फाइल हलली नाही. सरकार बदललं आणि यादीच मागे घेतली गेली. घटनात्मक पदांची मर्यादा जपणारा माणूस याचं समर्थन कसं करेल? मी तेव्हाही केलं नाही. त्यावरून कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर आपल्याच दोन-तीन स्नेह्यांशी माझा खटका उडाला, तो अजून पुरता मिटलेला नाही.

पुणे जिल्ह्यातल्या माणसाला ही भूमिका समजवायची तर मी बैलगाडा शर्यतीचा दाखला देतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातली यात्रा घाटाशिवाय, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीशिवाय, पुरी होत नाही. घाटाच्या तोंडाशी बैल जुंपलेले, मालकाची माणसं वेसणीला लटकलेली, निवेदकाचा आवाज टिपेला गेलेला. निशाण पडलं की बारी, म्हणजे एकेका गाड्याची धाव, सुटते आणि घड्याळावर सेकंद मोजले जातात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जल्लिकट्टू हा तमिळनाडूतला बैलांचा खेळ आणि त्याबरोबर आपली शर्यतही बंद केली. केंद्राचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा होता, त्याखाली बैलांना खेळात वापरायला मनाई करणारी अधिसूचनाही होती. तेवढ्यावर निकाल थांबला असता तर तक्रारीला जागा नव्हती, कारण तो लिहिलेला कायदा होता. पण खंडपीठ पुढे जाऊन म्हणालं की जल्लिकट्टू ही तमिळ संस्कृतीची खरी परंपराच नव्हे. अमुक गावची परंपरा खरी की खोटी हे ठरवायचं साधन न्यायमूर्तींकडे कोणतं? ना पुराव्याची तपासणी, ना साक्षी, ना उलटतपासणी. समोर फक्त प्रतिज्ञापत्रांचा ढीग.

मग जे व्हायला हवं तेच झालं. लोक विधिमंडळाकडे गेले. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची संमती मिळवली. आपल्याकडे दुरुस्ती होऊनही शर्यती काही काळ बंदच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ ला त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तिन्ही राज्यांचे कायदे कायम ठेवले. हा खेळ संस्कृतीचा भाग आहे असं विधिमंडळाने ठरवलं असेल तर आम्ही त्यात वेगळं मत घालणार नाही, असं घटनापीठाने म्हटलं. माझ्या लेखी तो निकाल महत्त्वाचा आहे तो याच वाक्यामुळे. शर्यती चालू झाल्या म्हणून भंडारा उधळणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की उद्या विधिमंडळानेच बहुमताने शर्यत बंद केली तर याच निकालाच्या आधारे ती बंद राहील. आणि परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक-काठीला मनाई या अटीही त्याच कायद्याचा भाग आहेत. बैलाला विजेचा झटका देणाऱ्याला परंपरेच्या पदराखाली लपता येणार नाही.

आता उलट बाजूचं उदाहरण. ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या चित्रपटगृहांत खेळाआधी राष्ट्रगीत वाजवणं सक्तीचं केलं. आपल्या गोटात केवढा आनंद! महाराष्ट्रात राष्ट्रगीत आधीपासून वाजतच होतं, ते राज्य सरकारने ठरवलं होतं म्हणून. सरकारने ठरवणं ठीक, कारण पसंत नसेल तर सरकार बदलता येतं. न्यायालयाच्या आदेशामागे मात्र कुठलाही असा कायदा नव्हता, जो चित्रपटगृहाच्या मालकावर ही सक्ती करतो. राष्ट्रगीताला उभं राहणं मला आवडतं. माझ्या बापाने मला चपराक मारून ते शिकवलंय. पण तो आदेश एप्रिल २०२५ च्या निकालाचाच भाऊबंद होता: जागा कोरी दिसली, भरून टाकली. ९ जानेवारी २०१८ ला न्यायालयाने स्वतःच सक्ती ऐच्छिक केली. आपल्यापैकी फारच थोडे २०१६ मध्ये म्हणाले होते की हे काम संसदेचं आहे.

कलम १४२ वर सरसकट तोंडसुख घेणाऱ्यांनाही एक आठवण द्यावीशी वाटते. ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्येच्या निकालात वादग्रस्त जागेची मालकी पुराव्यावर ठरली, पण सुन्नी वक्फ बोर्डाला पाच एकर जमीन द्यावी हा आदेश कलम १४२ खालीच आहे. तेव्हा ते कलम कुणाला खटकलं नव्हतं. मलाही तो वापर खटकत नाही, कारण तो समोर उभ्या असलेल्या पक्षकारांमधला हिशेब पुरा करत होता, पुढच्या प्रत्येक प्रकरणासाठी नवा कायदा लिहीत नव्हता. फरक तिथे आहे. तो समजून न घेता १४२ ला झोडपणं म्हणजे नुसती आरोळी.

देवळांच्या प्रकरणांत हा फरक आणखी स्पष्ट होतो. शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं की नाही यावर एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, आणि त्याच महिन्यात देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. त्याचा आधार काय होता? १९५६ चा आपल्या विधिमंडळाचा कायदा. हिंदूंसाठी खुल्या असलेल्या मंदिरात हिंदूंमधल्या कुठल्याही वर्गाला अडवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. न्यायालयाने सरकारला सांगितलं, तुमचा कायदा आहे, राबवा. यात अतिक्रमण कसलं? केरळातलं शबरीमला निराळं. तिथे ठरावीक वयाच्या बायकांना मंदिरात मनाई करणारी प्रथा होती. २८ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने ती प्रथा धर्माचा आवश्यक भाग आहे की नाही हे स्वतः ठरवलं. एकट्या न्या. इंदू मल्होत्रा म्हणाल्या की श्रद्धेच्या बाबतीत तर्काची फूटपट्टी न्यायालयाने लावू नये. त्या पीठावर त्या एकट्याच स्त्री न्यायमूर्ती होत्या. दोन्ही देवळं, दोन्हीकडे बायकांच्या प्रवेशाचा प्रश्न, पण पहिल्या निकालाला माझा पाठिंबा आणि दुसऱ्याला विरोध. माझ्या घरी ह्यावरून बायको आणि मुलगी दोघी मिळून मला धारेवर धरतात. त्यांचं म्हणणं, "तुमच्या हद्दीच्या गप्पा ठीक आहेत, पण बाहेर उभं राहायला लागतं ते आम्हाला." त्याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की १९५६ चा कायदा आमदारांनी केला होता आणि असे कायदे आजही करता येतात. हे उत्तर त्यांना पुरेसं वाटत नाही.

आणि हे दुखणं पुण्याला नवं नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचं विधेयक आलं, म्हणजे मुलीच्या शरीरसंबंधाला संमतीचं वय, लग्न झालेलं असलं तरी, दहाचं बारा करायचं. रानडे, भांडारकर, आगरकर बाजूने, टिळक विरोधात. टिळकांचा आक्षेप मुख्यतः कोण करणार यावर होता. परक्या सरकारने कायद्याने आमच्या घरात शिरू नये, समाजाने स्वतः बंधन घालून घ्यावं. मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत असा स्वतःहून पाळायचा नियम त्यांनी सुचवलाही होता. तत्त्व मला पटतं. पण बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या हातून जिवानिशी गेली होती आणि समाज काही स्वतःहून नियम करून घेत नव्हता, हेही तितकंच खरं. त्या कायद्याच्या बाजूने उभे राहिलेले बरोबर होते असं मी मानतो. 'कोणी ठरवायचं' हा प्रश्न कधीकधी काहीच न ठरवण्यासाठी पुढे केला जातो. आपल्या बाजूला ही खोड जुनी आहे, ओळखून असावं.

संयमाची दुसरी मर्यादा आणीबाणीने दाखवली. न्यायालयाने सरकारपुढे नमतं घेणं म्हणजे संयम नव्हे. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. तेव्हा आपल्या विचाराची माणसं इथेच येरवड्यात होती, तेव्हाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरससुद्धा. विरोधात लिहिणारे एकटे न्या. हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, पुण्याच्या नूमवि शाळेचे आणि आपल्या लॉ कॉलेजचे विद्यार्थी. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात त्यांच्याच चिरंजीवांनी तो निकाल चुकीचा होता असं लिहून तो मोडीत काढला. आज घटनेच्या 'मूलभूत चौकटी'ला, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही दुरुस्तीने मोडता येत नाही या तत्त्वाला, न्यायाधीशांनी रचलेली थाप म्हणणारे आपले तरुण वक्ते मी ऐकतो, तेव्हा त्यांना विचारतो: २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने ती चौकट मांडली गेली नसती, तर आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीला १९८० मध्ये कात्री कशाने लागली असती? ती चौकट घटनेत शब्दशः लिहिलेली नाही हे मान्य. पण बहुमताला कुठेच अटकाव नको असं म्हणणारा माणूस कुठल्या अर्थाने उजवा, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

समलिंगी विवाहाच्या निकालाबद्दल लांबण लावत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायमूर्तींनी म्हटलं की विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, आणि बहुमताने म्हटलं की नवी नाती कायद्यात आणायची तर ते काम विधिमंडळांचं. मला पटलं. उद्या संसदेने तसा कायदा केला तर मी त्याविरुद्ध मत देईन, लेख लिहीन, पण तो रद्द करा म्हणून कोर्टात जाणार नाही. हे वाक्य ज्याला जड जातं, त्याची भूमिका निकालापुरतीच होती असं समजावं.

आता वाचायचं कसं. आधी बातमी आणि आदेश वेगळे ओळखायला शिका. 'सरकारला दणका', 'तीव्र ताशेरे', 'मोठा दिलासा' हे मथळे बहुतेक वेळा न्यायमूर्ती सुनावणीत जे बोलले त्यावर निघतात. मी अशा सुनावण्यांना हजर असतो. न्यायमूर्ती सरकारी वकिलाला दहा मिनिटं फैलावर घेतात, मागच्या बाकांवर फोनची बटणं खडखडतात, आणि शेवटी टंकलेखकाला सांगितलेला आदेश असतो: नोटीस काढा, प्रतिज्ञापत्र दाखल करा, चार आठवड्यांनी ठेवा. म्हणजे निकाल काहीच लागलेला नाही. नोटीस म्हणजे समोरच्याला म्हणणं मांडायला बोलावणं. तोंडी बोललेलं कुणालाही बंधनकारक नसतं.

खजुराहोचं प्रकरण याच जातीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये जवारी मंदिरातल्या भग्न विष्णुमूर्तीच्या जीर्णोद्धाराची याचिका सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने फेटाळली. हा पुरातत्त्व खात्याचा विषय आहे, असं पीठाचं म्हणणं होतं. ऐकताना त्यांनी देवालाच सांगा अशा अर्थाची टिप्पणी केली. ती अनावश्यक होती असं मला वाटतं. श्रद्धाळू माणसाशी कोर्टाने तसं बोलू नये. पण आदेश? आम्ही यात पडणार नाही, ज्या खात्याचं काम आहे ते बघेल. हाच तर आपण मागत असलेला संयम! टिप्पणीवरून वणवा पेटला, आदेश कुणी वाचलाच नाही, आणि ६ ऑक्टोबरला एका वकिलाची मजल भर कोर्टात सरन्यायाधीशांच्या दिशेने बूट उगारण्यापर्यंत गेली. काळा कोट घालून हे करणाऱ्याचं समर्थन आपल्या काही मंडळींनी केलं. ज्याला व्यवस्था आणि मर्यादा जपायची आहे त्याने अशा माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

सुरुवातीला निकाल शेवटाकडून वाचा. अखेरच्या परिच्छेदांत प्रत्यक्ष आदेश असतो. काय मंजूर, काय नामंजूर, किती मुदत. मग मागे येऊन न्यायालयाने स्वतःपुढे कोणते मुद्दे ठेवले ते बघा. मधली पूर्वनिकालांची अवतरणं पहिल्या वाचनात खुशाल गाळा, आम्हीही गाळतो. अल्पमताचं निकालपत्र असेल तर ते मात्र सबंध वाचा, कारण बहुमताची कच्ची जागा तिथे नेमकी दाखवलेली असते. निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही तिथे आहेत. अनुवाद बोजड आहेत, पण कामाला येतात.

महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा ११ मे २०२३ चा निकाल आधी घ्या. त्यात राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं चुकीचं ठरवलं आहे. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही असंही म्हटलं आहे, आणि अपात्रतेचा प्रश्न विधानसभा अध्यक्षांवर सोपवला आहे. त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी विजय साजरा केला होता. कागद घेऊन बसा, डाव्या बाजूला न्यायालयाने स्वतः ठरवलेल्या गोष्टी लिहा आणि उजव्या बाजूला दुसऱ्यावर सोडलेल्या. तुमच्या मित्रांनाही तोच कागद वेगवेगळा करायला सांगा, आणि याद्या जिथे जुळणार नाहीत तिथून तुमची चर्चा सुरू करा.